मदत हवी आहे: हार्ड डिस्क दुरुस्त करू की आधी कॉपी काढू?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितेय. घरच्या डेस्कटॉपमधली १ टीबीची हार्ड डिस्क आठवड्यापासून त्रास देतेय. विंडोज सुरू व्हायला २० मिनिटं लागतात आणि कॅबिनेटला कान लावला की मधूनच टक्... टक् ऐकू येतं. डिस्कला जोडणारी साटा केबल बदलली, फरक नाही.

परवा रात्री चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) ‘स्लॅश आर’ लावून चालवली. चौथ्या टप्प्यात, फाइलींमधले खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधताना, १२ टक्क्यांवर ३ तास अडकली. शेवटी घाबरून मशीन बंद केलं. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टल डिस्क इन्फो पिवळा इशारा दाखवतंय. पेंडिंग सेक्टर, म्हणजे धड वाचता न येणारे, काल १६ होते, आज ४८.

डिस्कवर बाबांच्या कीर्तनाच्या ६२ कॅसेट आहेत, मीच बसून उतरवलेल्या. मूळ टेपना बुरशी लागली आणि बाबाही आता नाहीत. दुसरी प्रत कुठेच नाही.

मला वाटतं, अशा डिस्कवर चेकडिस्क पुन्हा चालवणं धोक्याचं आहे. खराब जागा वारंवार वाचून तिच्यावर ताणच येईल. म्हणून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणारा प्रोग्राम) नव्या डिस्कवर आख्खी प्रत घ्यायची आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच करायची, असा विचार आहे. मॅप फाइल (कुठवर कॉपी झाली त्याची नोंद) ठेवली तर मधे थांबूनही पुढे चालू करता येतं म्हणे.

कुणी हे स्वतः केलंय का? की हा आवाज असताना डिस्क चालूच करू नये, सरळ डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये द्यावी? बडोद्यात किंवा अहमदाबादेत खात्रीचं कुणी असेल तर कृपया सांगा. तोवर कॉम्प्युटरचा प्लगच काढून ठेवलाय.