पोटॅशियम 5.6 आहे, आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) लावायचं का?

प्रश्न (फिजिशियन, नाशिक रोड)
निफाड-दिंडोरीकडून युरोसेप्सिसचा (लघवीच्या मार्गातून रक्तात पसरलेल्या संसर्गाचा) पेशंट येतो तो बहुधा एनएसच्या (नॉर्मल सलाइनच्या) अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या संपवूनच. समजा वजन 60 किलो, बीपी 84/46, पीएच 7.24, क्लोराइड 117 आणि पोटॅशियम 5.6 (दोन्ही वाढलेली), क्रिएटिनिन 2.1, लॅक्टेट 4. पुढे काय लावायचं? पोटॅशियम पाहून सिस्टर आरएलला हात लावत नाहीत. शिवाय लॅक्टेट वाढलेलं असताना वर आणखी लॅक्टेट?

भूलतज्ज्ञ, पंचवटी
आरएलच लावा. त्यात पोटॅशियम लिटरला 4 मिलिमोल, म्हणजे पेशंटच्या रक्तापेक्षा कमी. मग वाढणार कशानं? एनएसमध्ये क्लोराइड 154. त्यानं अ‍ॅसिडोसिस (रक्तातली आम्लता) वाढतो आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. ईसीजी मात्र काढाच. बाटलीतलं लॅक्टेट हे सोडियम लॅक्टेट, अ‍ॅसिड नव्हे. यकृत त्याचं बायकार्बोनेट करतं. यकृतच बसलं असेल तर प्लाझ्मालाइट (लॅक्टेट नसलेलं बॅलन्स्ड फ्लुइड).

एनएस म्हणजे विष, असंही नाही. 2018 च्या स्मार्ट ट्रायलमध्ये किडनीच्या बाबतीत बॅलन्स्ड फ्लुइड (आरएल, प्लाझ्मालाइटसारखं, रक्ताशी मिळतंजुळतं) थोडंसंच सरस ठरलं. बेसिक्स (2021) आणि प्लस (2022) या ट्रायलमध्ये मृत्यूदरात फरक दिसला नाही. स्टार्चचं सलाइन मात्र नकोच.

न्यूरो आयसीयू
डोक्याला मार असेल तर एनएस. आरएल किंचित हायपोटॉनिक (रक्तापेक्षा पातळ), मेंदूची सूज वाढते. आणि आरएलच्या लाइनमधून रक्त किंवा सेफ्ट्रियाक्सोन (अँटिबायोटिक) सोडू नका: एकात कॅल्शियममुळे गुठळ्या, दुसऱ्यात साका. युरोसेप्सिसला सेफ्ट्रियाक्सोन हमखास असतं, म्हणून मध्ये एनएसनं लाइन फ्लश करा.

इंटेन्सिव्हिस्ट, इंदिरानगर
कोणतं फ्लुइड हे नंतर, अजून लागतंय का ते आधी बघा. 30 मिली/किलोनं 1800 होतात. दोन लिटर गेलेत. एमएपी (सरासरी बीपी) 59 आहे, नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, बीपी वाढवणारं औषध) आत्ताच सुरू करा. सेंट्रल लाइनसाठी थांबू नका, कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून चालतं, फक्त जागा सतत बघत राहा. अँप्यूल नीट वाचा: 2 मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे 1 मिलिग्रॅम बेस. इथे डोस दुप्पट-निम्मा होतो.

मग पीएलआर (पाय वर करून फ्लुइडचा उपयोग होईल का ते बघायची टेस्ट). डोकं 45 अंश वर ठेवून सुरुवात, नंतर अख्खी कॉट फिरवा. पाय हातानं उचलले की दुखून पल्स वाढतो आणि टेस्ट फसते. मिनिटभरात एकोवर व्हीटीआय (हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकतं याचं माप) 10 टक्क्यांनी वाढला तरच 250 मिली, पंधरा मिनिटांत.

सोनोग्राफीही लगेच. खड्यानं किडनी तुंबली असेल तर स्टेंट किंवा पीसीएन (पाठीतून किडनीत नळी) होईपर्यंत कितीही बाटल्या लावा, शॉक हटणार नाही.

प्रश्नकर्ता
रात्री एको नसेल तर?

इंटेन्सिव्हिस्ट, इंदिरानगर
कॅपिलरी रिफिल (दाबलेल्या त्वचेत रक्त परत यायला लागणारा वेळ). नखाच्या पेरावर काचपट्टीनं 10 सेकंद दाबा, सोडल्यावर रंग यायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा अजून अपुरा. 250 मिली देऊन पुन्हा मोजा. वेळ तेवढाच राहिला किंवा बेसला क्रेप्स (फुफ्फुसांच्या तळाशी पाण्याचे आवाज) आले की पुढची बाटली बंद. अँटिबायोटिकच्या 100 मिलीच्या बाटल्याही इनटेकमध्ये लिहा, त्या कुणी मोजत नाही.