प्लाउतिल्ला नेल्ली: चित्र चांगलं की नुसती गोष्ट चांगली?

सांजवारा:
परवा खरडफळ्यावर घाटावरचा यांनी लिहिलं, "नेल्लीचं 'शेवटचं भोजन' सुमार आहे, बाईचं म्हणून भिंतीवर चढलं." ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्लाच्या संग्रहालयात ते चित्र मी पाहिलंय, येशू आणि त्याचे बारा प्रेषित शेवटचं जेवताना. रुंदी जवळपास सात मीटर! नेल्ली म्हणजे सोळाव्या शतकात, चौदाव्या वर्षी मठात जोगीण म्हणून गेलेली मुलगी. आधीच्या पिढीतला चित्रकार साधू फ्रा बार्तोलोमेओ, त्याची रेखाटनं हाती आली, ती गिरवून शिकली आणि प्रेषित माणसाच्या मापाचे रंगवले. सहीशेजारी लॅटिनमध्ये लिहिलंय, चितारणीसाठी प्रार्थना करा. चितारी नाही, चितारीण. मी तिथं किती वेळ उभी होते, सांगता येत नाही.

चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५६८ मध्ये लिहिलंय की शहरातल्या बड्या घरांत तिची चित्रं इतकी आहेत की सगळी सांगत बसलो तर कंटाळा येईल. आज नावावर मोजकीच उरलीत. बाकीची कुठं गेली?

घाटावरचा:
वासारी अर्धाच सांगू नका. पुढे तोच म्हणतो, पुरुषांसारखं जिवंत माणसं बघून रेखाटायला मिळालं असतं तर तिने अद्भुत कामं केली असती. केली असती! प्रेषितांचे चेहरे बघा, दाढी चिकटवलेल्या बायका वाटतात. हात ताठ. कीव येते म्हणून चित्र चांगलं ठरत नाही.

सांजवारा:
मठात पुरुष समोर बसवायचा कुठून? तुम्ही दोष तिच्या हाताला देताय, बंद दाराला नाही.

खडीसाखर:
मला पैशाचं बोलायचंय. एकेक प्रेषित दहा हजार डॉलरला 'दत्तक' देऊन या चित्राच्या जीर्णोद्धाराचा खर्च उभा केला. आमच्या गावच्या देवळात दशावताराची भित्तिचित्रं होती. कमिटीने एका उन्हाळ्यात गुळगुळीत ऑइलपेंट मारला. वराहाच्या जागी आता गुलाबी भिंत आहे. लहानपणी आजी बोट धरून एकेक अवतार दाखवायची. वर्गणी तेव्हाही गोळा झाली होती, पण रंगाच्या डब्यांसाठी.

जुनापेठकर:
जीर्णोद्धार या शब्दाचीच मला धास्ती आहे. आजोबांचा एकुलता एक फोटो एका स्टुडिओत दुरुस्तीला दिला, परत आला तो दुसऱ्याच माणसाचा. नाक सरळ, देवीचे व्रण गायब. आई तो भिंतीला लावू देत नाही. २०१९ साली लोकांसमोर आलं त्यात नेल्ली किती नि दुरुस्त करणारी किती?

खडीसाखर:
स्टुडिओवाला आणि हे चित्र दुरुस्त करणारी रोस्सेल्ला लारी एका मापात? चार वर्षं खपली ती त्या चित्रावर! मठ बंद पडल्यावर गुंडाळून ठेवलेलं चित्र होतं ते. ऑइलपेंटवाली कमिटीही "नवं दिसतंय ना" एवढंच म्हणायची.

जुनापेठकर:
मला कमिटीत बसवू नका. व्रण माझ्या आजोबांचे पुसले गेलेत, तुमच्या नाही.

सांजवारा:
दोघंही जरा थांबा. तुमचं दुःख खरं आहे, जुनापेठकर. पण इथं मळ निघाल्यावर खालचा हात दिसला. रंगाने भरलेला कुंचला, जोरकस फटकारे. लारींनी स्वतः हे सांगितलंय. बिचकत काम करणारी बाई असा रंग लावत नाही.

घाटावरचा:
रात्री मोठं करून पाहिलं. हात ताठच आहेत, माघार नाही. पण मेजावरच्या कापडाच्या घड्या... नुकतं उलगडून अंथरल्यासारख्या. ते कापड तिने स्वतः घडी घातलेलं असणार. तेवढा भाग सुमार नाही, लिहून घ्या.

सांजवारा:
घेतलं. आता ताटल्यांकडे बघा, कोकरू आहे, शेंगा आहेत, पाला आहे.

खडीसाखर:
वराहाचा फोटो कुणाकडे आहे का, मी गावात विचारत होते. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मागे अर्धा सापडलाय. उद्या टाकते.

जुनापेठकर:
टाका. फक्त तो कुठं दुरुस्तीला देऊ नका.