मँगनाइट: अवस्थांतर फर्स्ट ऑर्डर की सेकंड? चुंबकत्व मोजायच्या मशीनवर दोनच दिवस आहेत, सल्ला द्या

अर्धंकच्चं
नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलं वर्ष. सोल-जेलने (द्रावणाचं जेल करून) लॅन्थॅनम-कॅल्शियम मँगनाइट हे मँगनीजचं चुंबकीय ऑक्साइड बनवलं (लॅन्थॅनमच्या जागी ३० टक्के कॅल्शियम), ९०० अंश सेल्सियसला भाजलं. ५०० अर्स्टेड फील्डमध्ये (चुंबकीय क्षेत्रात) थंड करत एम-टी (चुंबकत्व विरुद्ध तापमान) काढला तर क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व जातं ते, २३० केल्विनच्या आसपास आलं. वाचलं होतं २५०. शिवाय ४३ केल्विनपाशी बारीकसा उंचवटा आहे. गाईडना अवस्थांतर कोणत्या ऑर्डरचं (फर्स्ट म्हणजे एकदम उडी, सेकंड म्हणजे सलग) ते हवंय, वर क्रिटिकल एक्स्पोनंटही (क्युरी तापमानाजवळ चुंबकत्व कसं बदलतं ते सांगणारे घातांक). काय मोजू, काय सोडू? आणि मुळापासून समजायला काय वाचू?

जुना_खलबत्ता
आधी तो उंचवटा. नवी चुंबकीय फेज सापडली म्हणून गाईडकडे धावू नका. मँगनीजचं एक ऑक्साइड, एमएन-३-ओ-४, नेमकं त्याच सुमाराला फेरीमॅग्नेटिक होतं (अणूंचं चुंबकत्व उलटसुलट, पण पूर्ण न फिटणारं). एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दिसणार नाही इतकं थोडं असलं तरी एम-टीत डोकं वर काढतं.

ते येतं कुठून? सुरुवात लॅन्थॅनम ऑक्साइडपासून केलीत का? ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन १६ टक्क्यांहून जास्त वाढतं. म्हणजे तोललेल्यात लॅन्थॅनम कमी, मग मँगनीज उरतं आणि वेगळं बसतं. मी पहिली बॅच बाटलीतून काढून थेट तोलली होती. अख्खा महिना पाण्यात. तेव्हापासून ९०० अंशांना रात्रभर तापवून, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात), आणि तोलायचं झटपट.

आणखी एक संशयित: मशीनच्या चेंबरमध्ये शिरलेल्या हवेतला ऑक्सिजन. गोठला की तोही ४०-५५ केल्विनच्या टापूत असाच दिसतो. खोलीच्या तापमानाला आणून दोनतीनदा पंप-पर्ज करा (हवा उपसून निष्क्रिय वायू भरा) आणि पुन्हा मोजा. उंचवटा गेला तर हवाच होती.

चुंबकवेडा
नुसत्या थंड करतानाच्या एम-टीवरून ऑर्डर ठरत नाही. १०० अर्स्टेडमध्ये थंड करत आणि तापवत, दोन्ही घ्या. दोन रेषांत अंतर दिसलं तरी लगेच 'हिस्टेरेसिस!' (फर्स्ट ऑर्डरची खूण) म्हणू नका, सॅम्पल थर्मामीटरच्या मागे रेंगाळत असेल. वेग निम्मा करा. अंतरही घटलं तर दोष रेंगाळण्याचा.

खरा वेळ आयसोथर्मना (एकेका स्थिर तापमानाला एम विरुद्ध फील्ड) द्या: क्युरी तापमानाच्या दोन्ही बाजूंना २० केल्विन, दर २ केल्विनला एक, ५ टेस्लापर्यंत. प्रत्येकाआधी सॅम्पल वर नेऊन जुना इतिहास पुसून घ्या, नाहीतर फर्स्ट ऑर्डर सॅम्पल फसवतं. मग एच/एम (फील्ड भागिले चुंबकत्व) विरुद्ध एम-वर्ग असा आलेख. उतार कुठे ऋण झाला तर फर्स्ट ऑर्डर, हा बॅनर्जींचा १९६४ चा निकष. कमी फील्डमधला वाकलेला भाग डोमेनचा (एका दिशेने चुंबकलेल्या तुकड्यांचा) असतो, त्यावर उतार काढू नका. डीमॅग्नेटायझेशनची (सॅम्पलच्या स्वतःच्या उलट फील्डची) दुरुस्ती विसरू नका.

उतार ऋण आला तर एक्स्पोनंट सोडून द्या, गाईड काहीही म्हणोत. बीटा हा एक्स्पोनंट हलवत बसलं की रेषा सरळ होतेच, आणि ०.२५ आलं की 'ट्रायक्रिटिकल' (फर्स्ट-सेकंडच्या सीमेवरचं) लिहायचा मोह होतो. धन आला तरच मीन फील्ड (बीटा ०.५, गॅमा १) आणि हायझेनबर्ग (०.३६५, १.३८६) या मॉडेलांशी ताडा, आणि डेल्टा हा तिसरा एक्स्पोनंट वेगळा काढून १ + गॅमा/बीटा जुळतं का पाहा.

भट्टीवाली
चुंबकवेडा, निकष मान्य, पण सॅम्पल ९०० अंशांचं आहे! कण बारीक असणार, पृष्ठभागाचा वाटा मोठा. हेच मँगनाइट मोठ्या कणांत फर्स्ट ऑर्डर, कण नॅनो झाले की अवस्थांतर पसरतं आणि उतार धन दिसायला लागतो. क्युरी तापमानही घसरू शकतं. मग उत्तर पदार्थाचं मिळालं की भाजणीचं?

अर्धी पावडर १३०० अंशांना भाजा. एक दिवस हिला, एक दिवस तिला.

जुना_खलबत्ता
+१. वाचायचं म्हणाल तर झेनर, १९५१. डबल एक्स्चेंजची मूळ कल्पना: मधल्या ऑक्सिजनवरून इलेक्ट्रॉन एका मँगनीजवरून दुसऱ्यावर जातो आणि स्पिन (अणूंच्या चुंबकत्वाच्या दिशा) समांतर असले तरच सहज जातो. मग वोलन-केलर, १९५५, न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन. ए-टाइप, जी-टाइप ही स्पिनच्या मांडण्यांची नावं तिथलीच.

अर्धंकच्चं
पंप-पर्ज केलं. उंचवटा तिथेच, तसाच. आणि हो, ऑक्साइड बाटलीतूनच तोललं होतं. ही पावडर आता फक्त सरावाला. नवी बॅच उद्या भट्टीत, निम्मी ९०० ला, निम्मी १३०० ला. मशीनची तारीख पुढे ढकलून मागते.