मधाच्या बेल्जियन एलमधील मधाचा गंध कसा ओळखावा?

लफेव्र या बेल्जियन ब्रुअरीची ‘बार्बार’ ही 8 टक्के अल्कोहोलची, मध घालून केलेली एल (बिअरचा एक प्रकार) चाखताना मला मधाचा गंध स्पष्ट जाणवतो. मात्र मधातील साखर आंबताना जवळजवळ संपूनच जाते आणि जुन्या होत गेलेल्या बिअरलाही मधासारखा वास येऊ शकतो, त्यामुळे हा गंध नेमका कशाचा, हे ठरवता येत नाही. ट्युलिप ग्लासात, आधी थंड आणि मग 10 अंशांच्या आसपास, मध नसलेल्या ‘डुव्हेल’ या बेल्जियन एलसोबत चाखून पाहिले, तेव्हा यीस्टचा फळांसारखा गंध, जो मला या शैलीत सर्वांत प्रिय आहे, तेवढा वेगळा ओळखता आला. बाटलीची मुदत संपलेली नाही. तुलनेसाठी याहून ताजी बाटली मिळणे शक्य नसताना, मधाचा मूळ गंध आणि जुनेपणाचा गंध यांतील फरक कोणत्या खुणांवरून ओळखावा?