मदत हवी आहे: 'ऑर्थोपेडिक' गादीला सात महिन्यांत खड्डा, कंपनी म्हणते १८ मिमी चालतो

वैतागलेली_वारजे
जरा लवकर सांगा, शनिवारी आई नाशिकहून परत येतेय.
आईच्या कंबरेसाठी गादी घेतली. 'ऑर्थोपेडिक', 'डॉक्टरांची शिफारस', '१० वर्षे खड्डा पडणार नाही', सगळं मोठ्या अक्षरात. सात महिन्यांत तिच्या बाजूला खोलगा. तक्रार केली तर एक मुलगा आला, या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणला, मधोमध स्टीलची पट्टी उभी धरली, फोटो काढला आणि म्हणाला, "१८ मिमी आहे मॅडम, २५च्या वर असेल तरच वॉरंटी." चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मेल: हा खड्डा नाही, 'बॉडी इम्प्रेशन' (अंगाचा ठसा) आहे. तक्रार बंद.
पैसे परत कसे मिळवायचे? कृपया 'आमची अमुक कंपनीची आहे, मस्त आहे' असं लिहू नका.

सिंहगडरोडवाला
कंपनी कुठली? साइज? जाडी? केवढ्याला पडली? दुकानातून की ऑनलाइन? ट्रायल होती का? पलंग कसला? काहीच लिहिलं नाहीत तर काय सांगणार?
बाकी आमच्याकडे काथ्याची आहे, नऊ वर्षं झाली, मस्त आहे.

खवचट_खडकी
'डॉक्टरांची शिफारस' म्हणजे नेमक्या कुठल्या डॉक्टरांची? नाव विचारा त्यांना मेलवर. उत्तर आलं तर इथेही टाका, आम्हालाही दाखवायचंय त्यांना.

फिजिओ_निगडी
'ऑर्थोपेडिक' हा शब्द गादीवर छापायला ना डॉक्टरची परवानगी लागते ना सरकारी खात्याची. बऱ्याचदा त्याचा अर्थ 'कडक' एवढाच असतो. आणि कडक म्हणजे कंबरेला चांगली, हेही खरं नाही. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ जण, निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यमवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला. तरी माझ्याकडे रोज कुणीतरी येऊन सांगतं, फळीवर झोपतो म्हणून.
आईंना नेमकं काय आहे? पायात मुंग्या येतात का? वजन किती?

जुन्या_पेठेतला
कापसाची करून घ्या. लहानपणी आमच्या वाड्यात पिंजारी यायचा, त्या धनुकलीचा तुंई तुंई आवाज अजून कानात आहे. दिवसभर अंगणात कापूस उडायचा आणि आई ओरडायची. भवानी पेठेत अजून दोन-तीन जण आहेत.

सिंहगडरोडवाला
काका, कापसाच्या गादीचे वर्षभरात गोळे होतात. कंबरदुखीच्या माणसाला ती सांगता?

जुन्या_पेठेतला
गोळे झाले की पिंजून घ्यायची. तुमचा फोम पिंजता येतो का?

वैतागलेली_वारजे
कापूस मी विचारलेलाच नाही!!
घ्या माहिती: ७२ × ६०, सहा इंच. खाली ५ इंच 'हाय डेन्सिटी' फोम, वर १ इंच मेमरी. ३१,००० वर काट मारून १४,४९९ ला, ऑनलाइन. ट्रायल १०० रात्रींची होती, पण पहिले तीन महिने आई म्हणत राहिली की सवय होईल. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, उगाच धागा उडायचा. वजन ६४. मुंग्या नाहीत.

निशाचर
मेमरी फोम म्हणजे 'नासा तंत्रज्ञान' वगैरे लिहिलं असेलच. त्यात तथ्य एवढंच की १९६६ मध्ये नासाच्या कामासाठी चार्ल्स योस्टने विमानाच्या सीटकरता तो फोम बनवला. तुमच्या गादीचा नासाशी संबंध शून्य. शिवाय तो उबेने मऊ होतो, त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात आधी दगड आणि मग दलदल. कोणाला उशीबद्दल काही माहीत आहे का? माझी मान धरते.

सिंहगडरोडवाला
'हाय डेन्सिटी' म्हणजे किती ते आकड्यात लिहिलंय का? ३२, ४०? घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. आकडा नसेल तर त्या शब्दाला अर्थ नाही.
आणि पलंगाचं अजून सांगितलं नाहीत.

वैतागलेली_वारजे
आकडा कुठेच नाही. पलंग बाबांचा जुना सागवानी, पट्ट्यांचा. त्याचा काय संबंध?

सिंहगडरोडवाला
पट्ट्यांत अंतर किती?

वैतागलेली_वारजे
मोजलं. पाच इंच.

सिंहगडरोडवाला
बघा! एवढ्या फटींत फोम खाली दबणारच. आधी वर प्लाय टाका.

ग्राहक_चळवळ_७४
थांबा, घाई करू नका. ताई, आधी मुद्दा समजून घ्या. खड्डा १८ आहे की २५, हा त्यांचा मुद्दा आहे. तुमचा मुद्दा जाहिरातीचा. 'खड्डा पडणार नाही' असं ठणकावून सांगायचं आणि आत बारीक अक्षरात 'अमुक मिमीपर्यंतचा खड्डा आम्ही खड्डा मानत नाही' असं घालायचं, हे २०२२च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. खुलाशाची ओळ मूळ दाव्याच्या उलट जाता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे.
आजच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. नाही निपटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो नाहीतर दिल्लीची, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षं.
जाहिरातीचं स्क्रीनशॉट आहे ना?

निशाचर
७४ म्हणजे जन्मसाल का?

ग्राहक_चळवळ_७४
नाही हो. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणून.

कोर्टाची_पायरी
आयोगात तारखांवर तारखा पडतात, चौदा हजारांसाठी कोण चपला झिजवणार. त्यापेक्षा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जा, सीसीपीए. ते १० लाखांपर्यंत दंड करतात, कंपनी सुतासारखी सरळ होईल.

ग्राहक_चळवळ_७४
तो दंड ताईंच्या हातात पडत नाही. प्राधिकरण बघतं ते एकूण ग्राहकांचं हित, एकट्याचा परतावा मिळवून देणं हे आयोगाचं काम. दोन्हीकडे लिहायला हरकत नाही, पण पैसे हवे असतील तर १९१५ आणि आयोग. बऱ्याचदा हेल्पलाइनच्या पत्रानेच कंपनी बोलायला लागते.

वैतागलेली_वारजे
स्क्रीनशॉट नाही. आत्ता साइट उघडली तर वाक्यच बदललंय! आता 'दीर्घकाळ आकार टिकवते' असं आहे.
थांबा. खोकं माळ्यावर आहे.

वैतागलेली_वारजे
सापडलं. आत दिवाळीचे आकाशकंदील आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या भरल्यात, पण बाजूला ठळक लाल अक्षरात छापलंय: १० वर्षे खड्डा पडणार नाही. तारांकित चिन्हसुद्धा नाही!

ग्राहक_चळवळ_७४
हे सोनं आहे. खोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, बॅच नंबरच्या स्टिकरसकट. बरण्या दुसरीकडे ठेवा.

गादी_कारखाना_नातू
आमचा तीन पिढ्यांचा गाद्यांचाच धंदा होता, म्हणून एक सांगतो. गादीचं वजन करा. गुंडाळून जुन्या साडीने बांधा, धरून वजनकाट्यावर उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. ७२ × ६० मध्ये ५ इंच फोम म्हणजे साधारण ०.३५४ घनमीटर. ४०ची घनता असेल तर नुसता तोच १४ किलो भरायला हवा, ३२ची असेल तर ११ च्या वर. मेमरीचा एक इंच ५०च्या घनतेने साडेतीन किलो. कव्हर दीड धरा.

सिंहगडरोडवाला
वजनावर जाऊ नका. आत रिबॉन्डेड घातला असेल तर जडच भरेल. कतरणी फोमचा चुरा डिंकात दाबून केलेला असतो, 'ऑर्थो' गाद्यांत सर्रास घालतात.

गादी_कारखाना_नातू
बरोबर, पण तो बघितल्यावर कळतो, रंगीबेरंगी तुकडे असतात, चिक्कीसारखा. कव्हरला चेन असेल तर उघडून बघा. चेन नसेल तर शिवण उसवू नका, वॉरंटीला निमित्त मिळेल.

फिजिओ_निगडी
मुंग्या नाहीत हे चांगलं. तोवर आईंना गादीच्या दुसऱ्या बाजूला झोपवा, गुडघ्यांखाली उशी देऊन.

निशाचर
कुठली उशी?

वैतागलेली_वारजे
केलं. मी ७१.२, गादी धरून ८४.७. म्हणजे १३.५ किलो, कव्हरसकट. काट्यावर उभी राहिले तेव्हा मुलगा हसून लोळत होता. चेन उघडली, आत सलग पांढरा फोम, तुकडे नाहीत.

गादी_कारखाना_नातू
१३.५ वजा दीड, वजा साडेतीन. उरले ८.५ किलो. भागिले ०.३५४, म्हणजे घनता २४ च्या आसपास. घरचा काटा आहे, एखादा किलो इकडेतिकडे धरा, तरी ३२ ला पोचत नाही. एवढ्या हलक्या फोमवर ६४ किलोचं माणूस रोज एकाच जागी झोपलं तर सात महिने म्हणजे बरेच टिकले म्हणायचे. आमच्या आजोबांच्या वेळी गिऱ्हाईक आधी गादी उचलून बघायचं आणि मग भाव करायचं.

कोर्टाची_पायरी
घरचा काटा आयोगात चालत नाही.

ग्राहक_चळवळ_७४
चालवायचाच नाहीये. कंपनीला आज मेल करा: पाच इंच फोमची घनता किती ते आकड्यात कळवा. नुसतं तेवढंच, आरोप नको. आकडा दिला तर तो तपासून घेता येईल, नाही दिला तर तेही कागदावर राहील. आणि दोऱ्याच्या मोजणीचा तो फोटोही मागा.

वैतागलेली_वारजे
मेल केला. १९१५ लाही नोंदवलं, क्रमांक मिळाला. प्लाय उद्या येतोय, सुतार सकाळी दहाला.

ग्राहक_चळवळ_७४
प्लाय टाकायच्या आधी पट्ट्यांवर टेप धरून फोटो काढा. वॉरंटीच्या अटींत पलंगाच्या पट्ट्यांबद्दल काही आहे का तेही बघा. 'पलंगच चुकीचा' हे त्यांचं पुढचं उत्तर असणार, आणि तेव्हा पट्ट्या प्लायखाली गेलेल्या असतील.