डायनॅमिक्स ३६५ (मायक्रोसॉफ्टची व्यवसाय-प्रणाली) : वारशाने आलेली मेथड एक्सटेन्शनमधून बदलण्याबाबत सल्ला हवा

धागाकर्ता
बीजकांच्या पडताळणीसाठी एक मूळ क्लास आहे आणि त्यापासून खरेदी बीजक व क्रेडिट नोट असे दोन क्लास निघाले आहेत. पडताळणीची मेथड केवळ मूळ क्लासमध्ये लिहिलेली असून दोन्ही क्लास ती वारशाने वापरतात. मला फक्त खरेदी बीजकासाठी एक जादा अट घालायची आहे, आणि काही बीजकांच्या बाबतीत मूळ तपासणी टाळायची आहे. एक्सटेन्शन (मूळ कोडला हात न लावता बाहेरून घातलेली भर) मूळ क्लासचे करून आत ऑब्जेक्टचा प्रकार तपासावा, की थेट खरेदी बीजकाच्या क्लासचे करावे? शिवाय ‘नेक्स्ट’ची (एक्सटेन्शनमधून मूळ मेथडला बोलावणारी) ओळ ‘इफ’मध्ये ठेवली की कंपायलर अडवतो, त्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १
थेट खरेदी बीजकाच्या क्लासचे करा. त्या क्लासमध्ये मेथड लिहिलेली नसली, तरी वरून आलेली मेथड त्याच्या एक्सटेन्शनमध्ये गुंडाळता येते, म्हणजे तिच्याभोवती आपला कोड घालता येतो, आणि मूळ क्लासच्या किंवा क्रेडिट नोटच्या ऑब्जेक्टवर तिचा काहीही परिणाम होत नाही. मूळ क्लासमध्ये प्रकार तपासत बसलात आणि पुढील एखाद्या आवृत्तीत खरेदी बीजकाच्या क्लासमध्ये ‘सुपर’ (वरच्या क्लासची मेथड) न बोलावणारी स्वतंत्र मेथड आली, तर तुमची अट गुपचूप वगळली जाईल. एक्सटेन्शनचा क्लास ‘फायनल’ हवा आणि त्याच्या नावाचा शेवट ‘_एक्स्टेन्शन’ने व्हायला हवा. मूळ मेथडमध्ये पॅरामीटरला डीफॉल्ट किंमत दिलेली असेल, तर ती तुमच्या मेथडमध्ये पुन्हा लिहू नका. इथे बरेच जण अडखळतात.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मेथड अशी गुंडाळण्याच्या पद्धतीला, म्हणजे चेन ऑफ कमांडला, आपण सवयीने ओव्हरराइड (मूळ मेथडच्या जागी आपली आणणे) म्हणतो, पण ते वेष्टन आहे. मूळ मेथडला ‘रिप्लेसेबल’ (‘नेक्स्ट’ टाळण्याची मुभा देणारे) हे ॲट्रिब्यूट नसेल, तर ‘नेक्स्ट’ बिनशर्त बोलावावाच लागतो. तो ‘इफ’मध्ये, लूपमध्ये किंवा ‘रिटर्न’नंतर चालत नाही. प्लॅटफॉर्म अपडेट २१ पासून ‘ट्राय’मध्ये ठेवण्याची मुभा आहे, एवढीच सूट.

जादा अट सोपी आहे : ‘नेक्स्ट’चे उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यावे, ते खरे असेल तरच स्वतःची अट तपासावी आणि ती मोडल्यास ‘चेकफेल्ड’ (इशारा दाखवणारी मेथड) बोलावून खोटे परत करावे.

धागाकर्ता
आभारी आहे. मग तपासणी टाळण्यासाठी ‘नेक्स्ट’ बोलावून त्याचे उत्तर दुर्लक्षित केले आणि सरळ खरे परत केले, तर?

प्रतिसाद २
कंपाइल होईल, पण मूळ मेथडने दिलेले इशारे वापरकर्त्याला दिसतच राहतील आणि तरीही बीजक पुढे जाईल. असा पडदा पाहून वापरकर्ते गोंधळतात. शिवाय त्या मेथडमध्ये एखादी नोंद बदलली जात असेल, तर ती बदललेलीच राहील. ऑब्जेक्ट ‘कन्स्ट्रक्ट’सारख्या स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय बोलावता येणाऱ्या) मेथडमधून तयार होत असेल, तर खरेदी बीजकाच्या क्लासपासून आपला क्लास काढावा, त्यात मेथड खऱ्या अर्थाने ओव्हरराइड करावी आणि ‘कन्स्ट्रक्ट’ गुंडाळून आपला ऑब्जेक्ट परत करावा.

प्रतिसाद १
याला दुजोरा. मात्र त्याआधी ‘न्यू’ने थेट ऑब्जेक्ट बनवणाऱ्या जागा शोधून पाहा, कारण तिथे तुमचा क्लास पोहोचणार नाही. आणि त्याच मेथडवर दुसऱ्या मॉडेलचे (कोडच्या वेगळ्या संचाचे) एक्सटेन्शन असेल, तर कोणते आधी चालेल याची खात्री नसते. तुमची अट त्या क्रमावर विसंबून राहील अशी लिहू नका.