क्रिएटिनिन १.६ आलंय, अण्णांना काय सांगू?

भायखळ्याची_लेक:
अण्णा ६८ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त. डायबेटिसला दहा वर्षं झाली. काल रात्री साडेदहाला लॅबने व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला. क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) १.६, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, कमी म्हणजे वाईट) ४६, दोन्ही ठळक अक्षरांत. गेल्या वर्षी क्रिएटिनिन १.१ होतं. डॉक्टर सोमवारी भेटणार. गुगल केलं तर किडनी फेल, डायलिसिस हेच समोर. पहाटे तीनपर्यंत वाचत बसले. घरच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकला, तर मामाने व्हिडिओ पाठवला: गोळ्या बंद करा, काढा प्या, २१ दिवसांत किडनी ठणठणीत. अण्णांनी तो पाहिला आणि आज सकाळची गोळी घेतलीच नाही. मला रडू येतंय.

परळची_सिस्टर:
ताई, डायलिसिस युनिटमध्ये १४ वर्षं काम करतेय. डायबेटिसची गोळी अशी मनाने सोडायची नाही, साखर चढली की किडनीलाच मार बसतो. किडनी फेल म्हणतात ते ईजीएफआर १५च्या खाली गेल्यावर. ४६कडे दुर्लक्ष नको, पण एका रिपोर्टवर किडनीचा जुना आजार ठरत नाही. आकडा तीन महिन्यांहून जास्त तसाच राहिला तर ठरतो. जुलाब, पाणी कमी पिणं, पेनकिलर यांनीही क्रिएटिनिन वाढतं. अण्णा गुडघ्यासाठी काही घेतात का? लघवी कमी झाली, पाय सुजले, दम लागला तर सोमवारची वाट पाहू नका. आणि काढा नकोच. असे काढे पिऊन आलेले पेशंट मी आमच्या खाटांवर पाहिलेत.

दादरचा_नील:
रिपोर्ट कुठेही टाकताना नाव, मोबाइल नंबर आणि क्यूआर कोड झाका. कोड स्कॅन केला की बऱ्याचदा अख्खा रिपोर्ट उघडतो. वाचायचंच असेल तर मेडलाइनप्लस बघा, अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे, जाहिराती नाहीत. सोमवारच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं असेल तर ई-संजीवनी ही सरकारी सेवा आहे, डॉक्टर व्हिडिओवर, फुकट.

भायखळ्याची_लेक:
सिस्टर, अण्णांना विचारलं. शेजारच्या काकांनी दिलेली डायक्लोफिनॅक ही पेनकिलर दोन महिने रोज घेत होते! घरात कोणालाच पत्ता नाही. दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांना सांगितलं, ती लगेच बंद करायला सांगितली, डायबेटिसची चालू. तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे अण्णांनी दुपारची गोळी घेतली. मामाला तो व्हिडिओ ग्रुपवरून डिलीट करायला लावलाय. मामीलाही डायबेटिस आहे, तिनेही काढा मागवला होता.